बारा जात्यांची फाईल

इंझोरी, ६ जानेवारी २०२५

प्रसेनजित,

कस्तुराबाईचा आशीर्वाद. फोनवर तू म्हणलास, आजी, बोललेलं चालत नाही, लेखी पाठवा. तर घे लेखी. माही शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही गुरुजी दुपारून शेतात जायचे, म्हणजे दोन वर्षंच धर. अक्षर लागलं नाही तर तुह्या आजीले दाखव. लिलाबाईनं अन् मी चाळीस वर्षं एका ओळीत बसून निंदण केलं. माह्यं अक्षर नाही तरी डोकं तिले वाचता येते.

तू अनुदानाच्या हापिसात खरेदीच्या टेबलावर बसतोस म्हणून तुले लिहून राह्यली. वशिला म्हणून नाही. वशिला असता तर एवढं लिहावं लागलं असतं का?

आमचा बाराजणींचा गट तुले माहीत आहे. मी अध्यक्ष. आमी जात्यावर तूर भरडतो अन् नागपूरचा दुकानदार ती डाळ शहरातल्या लोकायले विकते. ज्यायनं आपल्या आयचं जातं पायरीले लावलं, त्यायलेच आता जात्यावरची डाळ लागते. त्यानं मागणी तिप्पट केली. आमच्याजवळची जाती म्हातारी झाली, तीन तर फुटकी. सरकारनं बारा नव्या जात्यायचं अनुदान मंजूर केलं, पण एकतीस मार्चच्या आत खरेदी झाली नाही तर पैसा वापस, अन् नागपूरवाला दुसरा गट पाहणार.

मंजुरीचा कागद आमच्या हाती पडायच्या आधी वाशीमचा एक मशीनवाला दारात हजर. विजेवर फिरणारं जातं आहे म्हणे त्याच्याजवळ. तीन कोटेशनं सोबतच आणली. तीन दुकानं, तीन शिक्के, अन् तिन्ही कागदांवर एकाच कपाचा गोल डाग. मी तिन्ही नंबरायवर फोन लावला. पहिल्यानं भाव सांगतला. दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा जास्त सांगतला. तिसरा म्हणाला, "आजी, पुन्हा तुमीच का?"

आमाले मशीन नाही पाहिजे. त्याच्यात अर्धी तूर चुनी होऊन पडते, ती ढोरायच्या कामाची. आमाले जऊळक्याच्या देवमनची जाती पाहिजेत. तो एकटाच आहे. त्याच्याकडून घेऊन दे.

कस्तुराबाई


वाशीम, १० जानेवारी २०२५

आदरणीय आजी,

सप्रेम जयभीम. पत्र मिळालं. अक्षर लागलं. कपाच्या डागाची गोष्ट माझ्या आजीला वाचून दाखवली, तिला ठसका लागला.

आजी, "तो एकटाच आहे, घेऊन दे" असं करता येत नाही. पैसा सरकारचा आहे. तीन वेगवेगळ्या पुरवठादारांचे लेखी भाव मागवायचे आणि त्यातला योग्य तो घ्यायचा, हा नियम. स्पर्धेशिवाय थेट एकाकडून घ्यायचं असेल तर चारच वाटा आहेत. वस्तू खरोखर एकाच ठिकाणी मिळत असेल. किंवा असं संकट असेल की थांबणं शक्य नाही. किंवा पैसा देणाऱ्यांनी तशी लेखी परवानगी दिली असेल. किंवा भाव अनेकांकडे मागितले आणि एकाचाच आला असेल.

यातली कोणती वाट तुमची, ते कारणासह लिहा. "आवडतो" हे कारण धरत नाहीत. शिवाय पुरवठादार गटातल्या कोणाचा नातेवाईक नाही, असंही लिहून द्यावं लागेल.

मशीनवाल्याचे तीन कागद इथेही आले आहेत. कागद म्हणून ते पूर्ण आहेत, ही माझी अडचण समजून घ्या.

आपला,
प्रसेनजित


इंझोरी, १५ जानेवारी २०२५

प्रसेनजित,

म्हणजे एका माणसानं तीन तोंडं लावली तर कागद पूर्ण, अन् एक माणूस एकाच तोंडानं बोलला तर त्याची चौकशी. बरं आहे तुह्यं हापिस.

संकटाची वाट आमची नाही. वाघ आला नाही, पूर आला नाही. तू आमाले पहिली वाट दे. कारण लिहिते.

जात्याचं खरं काम टाकीचं आहे. गोटा तर कोणीही गोल करते. आतून त्याले छिन्नीनं टाके मारावे लागतात. जास्त खोल गेले तर तूर फुटते, उथळ राह्यले तर साल निघत नाही. मी अन् आमच्या गटाची सचिव रूपाली, दोघी फिरून आलो. मानोऱ्याच्या बाजारात एकजण सिमेटाचं जातं विकते. त्यातली डाळ खाल्ली तर दात सिमेटाचे बसवा लागतीन. कारंज्याले एक आहे, तो लग्नाच्या हॉलसाठी करते, हळदीचा फोटो काढाले. जात्याले घुंगरू अन् रंग, आतून गुळगुळीत. नवरीनं हात लावला की झालं, भरडाले थोडंच आहे.

देवमनचं एक जातं माह्या घरी सहा वर्षांपासून आहे. शंभर दाणे टाका, दोनशे डाळी काढा. मी लिहून देते की या कामाले देवमनशिवाय दुसरा कोणी नाही. अन् देवमन माह्या नात्यातला नाही, गटात कोणाच्याही नाही. सही केली आहे. बाकी अकराजणींनीही केली, दोघींनी अंगठे.

कस्तुराबाई


वाशीम, २० जानेवारी २०२५

आदरणीय आजी,

कारण उत्तम आहे. साहेबांनी "दोनशे डाळी" खाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच एका फाईलवर हसले.

पण "दुसरा कोणी नाही" हे फक्त तुमच्या शब्दावर मानता येत नाही. पंधरा दिवसांची जाहीर सूचना लावावी लागेल, ग्रामपंचायतीत आणि आजूबाजूच्या बाजारांत. मजकूर सोबत पाठवतो. त्यात लिहिलं आहे की गटाच्या माहितीप्रमाणे जऊळक्याचे देवमन हे एकमेव कारागीर आहेत, दुसरा कोणी असल्यास त्यानं लेखी कळवावं. मुदतीत कोणी पुढे आलं नाही तर देवमनचा मार्ग मोकळा.

प्रसेनजित


इंझोरी, २८ जानेवारी २०२५

प्रसेनजित,

नोटीस लावली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती एका बेपत्ता बैलाच्या कागदाशेजारी आहे. बैलाले लोक वाचून राह्यले. मानोऱ्याले लावली, मंगरूळले लावली. पोहरादेवीले लावायची गरज नव्हती, तिथं सारे यात्रेकरू, पण रूपाली तिकडं पाहुणी गेल्ती, तिनं मले न विचारता तिथंही चिकटवली. असो. कोणी येणार नाही.

पाच तारखेले मुदत संपते. सहा तारखेले हुकूम काढ.

कस्तुराबाई


वाशीम, ६ फेब्रुवारी २०२५

आजी,

एकजण आला. शेवटच्या दिवशी, साडेचार वाजता, स्वतः, एसटीनं. वय सत्तरीच्या पुढे. धोतर, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यानं दिलेला कागद चार ओळींचा आहे. तो तसाच उतरवतो:

"जऊळक्याच्या देवमनशिवाय दुसरा जातं करणारा नाही असं नोटिशीत लिहिलं. ते खोटं आहे. मी आहे. देवमन एका जात्याचे तीन हजार घेते. मी बावीसशे घेईन. शेषराव, मुक्काम पोहरादेवी."

मी विचारलं, किती वर्षं करता? म्हणाला, इंझोरीत होतो तेव्हापासून.

आजी, हा इंझोरीचा माणूस आहे. तुमच्या गावचा जातं करणारा तुम्हाला माहीत नव्हता का? तुम्ही सही करून लिहिलं आहे की दुसरा कोणी नाही. मशीनवाला रोज येऊन साहेबांच्या समोर बसतो. मला खरं कळवा. शेषराव कोण?

प्रसेनजित


इंझोरी, १० फेब्रुवारी २०२५

प्रसेनजित,

इंझोरी काय एका घराची आहे? दोन-चार हजार लोक. कोण कधी गेलं, कुठं गोटे फोडून राह्यलं, याची वही मी ठेवत नाही. असंन कोणी. मी ओळखत नाही. माह्या लेखी तो नाहीच.

बावीसशेत कोणी जातं देते का? गोटा खराब असंन. नापास कर त्याले.

कस्तुराबाई


वाशीम, १४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आजी,

तुमच्या पत्रानं मोठं काम सोपं झालं. मला वाटलं होतं काही भानगड आहे.

शेषरावांनी नमुना म्हणून एक छोटं जातं आणून ठेवलं होतं. कार्यालयातल्या बायांनी त्यावर पावशेर तूर भरडली. एकही दाणा फुटला नाही. माल चांगला, भाव कमी, आणि तुमच्या लेखी उत्तराप्रमाणे ओळख नाही, नातं नाही. म्हणजे आता दोघांचे भाव झाले, जाहीर सूचना लावल्यामुळे तीनऐवजी दोन चालतात, आणि स्पर्धाही झाली. साहेब शेषरावांच्या नावानं हुकूम काढायला तयार आहेत.

शेषराव स्वतः इंझोरीला येऊन बारा नग बसवून देतील. अध्यक्षांनी त्यांच्या शेजारी, जात्यासह उभं राहून फोटो काढायचा. तो फोटो जागेच्या नोंदीसकट ॲपवर चढवावा लागतो. चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत.

प्रसेनजित


इंझोरी, १७ फेब्रुवारी २०२५

प्रसेनजित,

थांब. हुकूम काढू नको.

तो माहा नवरा आहे.

आता तू म्हणशीन, मांग काहून लिहिलं नाही. तुह्या कागदात विचारलं होतं का नवरा आहे का म्हणून? जातं करणारा दुसरा आहे का, एवढंच विचारलं. अन् ओळखता का विचारलं तेव्हा नाही म्हणलं, ते खोटं नाही. एकोणीस वर्षांत ओळख जुनी होते.

शेतकऱ्याच्या घरी जलमून त्याले गोट्याचा नाद. वडार लोकं खाणीवर गोटा घडवत, तिथं जाऊन बसे अन् हात पाहे. पऱ्हाटीत तण माह्या कमरेएवढं अन् हा गडी टाकी मारून राह्यला. एका रामनवमीले पोहरादेवीच्या यात्रेत जातं विकाले निघाला. मी म्हणलं, तिकडंच राहा तुह्या गोट्यायपाशी. बायकोचं आइकलं त्यानं, जलमात एकदाच. लिलाबाईले विचार, तिले सारं माहीत आहे. ती तोंडात कुंकवाएवढीही गोष्ट ठेवत नाही, ही एकच ठेवली.

तर नातेवाईकाकडून घेता येत नाही, हा तुहाच नियम. नवरा नात्यात धरतोस ना? मंग तो बाद. देवमनचा हुकूम काढ. अन् फोटोत मले त्याच्या शेजारी कशाले उभं करत होतास ते सांग. बुवा, लग्नाचाही फोटो नाही आमचा.

कस्तुराबाई


वाशीम, २६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आजी,

माझ्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "तिनं लिहून दिलं? कागद दाखव." दाखवला. बराच वेळ हातात धरून बसली.

तुमचं म्हणणं नियमाला धरून आहे. शेषराव बाद झाले असते आणि देवमनचा हुकूम निघाला असता. त्याआधी एकच काम बाकी होतं. एकमेव कारागीर म्हणून हुकूम द्यायचा तर त्याची जागा पाहून यावी लागते. परवा जऊळक्याला गेलो. स्टेशनामागे देवमनची शेड आहे. आत रंधा आहे, करवत आहे, खुंट्यांचा ढीग आहे. छिन्नी एकही नाही. दगडाची कपची शोधून सापडत नाही. तो फक्त लाकडी खुंटा बसवतो आणि विकतो. घडवलेली जाती कुठून येतात म्हणून विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "इंझोरीच्या बाईले टाकी ओळखू येते. तिलेच विचारा."

पुन्हा विचारल्यावर त्यानंच सांगितलं. पोहरादेवीहून येतात, आजी. सगळी.

आता मी काय करू? देवमनचा हुकूम काढला तरी माल तुमच्या नवऱ्याचा, फक्त आठशे रुपये जास्त देऊन. ते मला जमणार नाही. माझी नेमणूकही मार्चअखेर नव्यानं व्हायची आहे.

साहेबांशी बोललो. एक वाट आहे. कारागीर खरोखर एकच आहे, हे आता सिद्ध झालं. नातं तुमचं एकटीचं आहे. तुम्ही अध्यक्षपद सोडलं, या खरेदीच्या बैठकीला बसला नाहीत, कशावर सही केली नाही, नातं लेखी जाहीर केलं, आणि बाकी अकराजणींनी ठराव केला, तर थेट शेषरावांकडून घेण्याची लेखी परवानगी जिल्ह्याची समिती देईल. नाहीतर साहेबांच्या खणात मशीनवाल्याचे तीन कागद आहेत. ते पूर्ण आहेत.

मला एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं का?

प्रसेनजित


इंझोरी, २ मार्च २०२५

प्रसेनजित,

माहीत होतं.

सहा वर्षांपहिले देवमनचं जातं आणलं. चार महिन्यांनी वरची तळी उचलून पुसाले घेतली तर टाके उलट्या अंगाले कललेले. डावखुऱ्या माणसाचा मार. या मुलखात डाव्या हातानं टाकी मारणारा एकच. तळी परत बसवली अन् भरडाले लागली. दाणे थोडीच विचारतात कोणाच्या हातचं आहे म्हणून.

त्याच्या जात्यात चुनी पडत नाही. हे मी त्याचं कौतुक नाही लिहून राह्यली, डाळीचं लिहून राह्यली. मले त्याचं जातं पाहिजे होतं, तो नको होता. देवमन मधात असल्यानं दोन्ही जमून होतं. तुह्या नियमाले मधातला माणूस खुपते. माह्या संसारात तेवढीच एक सोय राह्यली होती.

बावीसशेचा भाव लावला त्यानं, तेव्हाच समजलं. आठशेसाठी आला नाही तो. नोटिशीत त्याच्या कामाले दुसऱ्याचं नाव लागलं म्हणून आला. एकोणीस वर्षं बायकोसाठी एसटीत बसला नाही, अन् एका नोटिशीसाठी वाशीमले गेला.

काल रूपालीच्या ओसरीत बैठक झाली. मी राजीनामा दिला अन् उठून बाहेर पिंपळाच्या पारावर बसली. आत अकराजणी. आवाज बाहेर येत होता, तो आइकला तर नियम मोडते का ते तुले ठाऊक. एक म्हणाली, अध्यक्षबाईनं आपल्याले फसवलं. दुसरी म्हणाली, फसवलं खरं, पण डाळीत नाही. मंग रूपालीले अध्यक्ष केलं. नऊ वर्षं माह्या हाती होतं ते काम. तिले शिक्का दिला, कपाटाची किल्ली दिली. ती रडाले लागली, मी म्हणलं, रड नंतर, आधी शिक्क्याची शाई कुठं मिळते ते लिहून घे.

सोबत ठराव आहे. त्याच्याखाली माहा कागद वेगळा लावला:

"मी कस्तुराबाई, रा. इंझोरी, लिहून देते की पोहरादेवीचा शेषराव हा माहा लग्नाचा नवरा आहे. हे मी नियमासाठी लिहून देत आहे."

कस्तुराबाई


वाशीम, २१ मार्च २०२५

आदरणीय आजी,

परवानगी आली. शेषरावांच्या नावानं बारा जात्यांचा हुकूम निघाला. मशीनवाल्यानं तक्रार केली की स्पर्धा झाली नाही. साहेबांनी त्याला त्याचेच तीन कागद समोर ठेवून कपाचा डाग दाखवला. तो चहा न घेता गेला.

शेषराव हुकमावर सही करायला आले होते. फाईल चाळताना तुमचा तो कागद वर आला. चष्म्यातून अक्षर लागेना, म्हणून त्यांनी तो वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. शेवटचं वाक्यही वाचलं. मग त्यांनी विचारलं, "याची झेरॉक्स भेटते का?" फाईलमधला कागद बाहेर द्यायचा नियम नाही, पण ज्या कागदात आपलं नाव आहे त्याची प्रत माणसाला मागता येते. मी दिली. चौपदरी घडी करून त्यांनी ती टोपीत ठेवली.

ते आठवड्याच्या आत माल घेऊन येतील. फोटोला आता अध्यक्ष म्हणून रूपालीताई उभ्या राहतील.

प्रसेनजित


इंझोरी, २ एप्रिल २०२५

प्रसेनजित,

अठ्ठावीस तारखेले गाडी आली. बारा जाती उतरली. त्यानं प्रत्येक घरी जाऊन एकेक बसवलं. अकरा घरी चहा घेतला. माह्या घरी आला तेव्हा मी शेतात होती, तुरीच्या तुराट्या गोळा कराले. संध्याकाळी आली तर जातं जागेवर बसवलेलं. जुनंही बाजूले काढून, टाकी मारून, उलटं ठेवून गेला. त्याचं बिल आलं नाही अजून. आलं तर तुह्याकडं पाठवू नको, ते सरकारी नाही.

नागपूरवाल्याची पहिली खेप काल गेली. चुनी एक मूठभर निघाली, ती मी कोंबड्यायले टाकली.

फोटोत रूपाली उभी आहे. मांगं तुराट्यायचा भारा घेऊन कोणी म्हातारी जाऊन राह्यली असं दिसत असंन तर ती मी नाही. दिसलीच तर कापून टाक.

रूपाली विचारून राह्यली होती, सहा महिन्यांनी टाके बोथट झाले की परत टाकी मारून घ्या लागते, त्याच्यासाठी तीन कोटेशनं लागतात का. मी सांगतलं, तो खर्च गटाचा आपला आहे, सरकारचा नाही. ज्याले वाटते त्याले बोलवा. मी त्या दिवशी बाजारात जाईन. नाही गेली तर घरीच राहीन, माह्यं घर आहे.

रामनवमी चार दिवसांवर आली, तो आता पोहरादेवीत दुकान मांडून बसला असंन. माही फाईल बंद कर. तुही नेमणूक झाली का ते लिलाबाईच्या हातानं कळव.

अन् एक सांग. त्या झेरॉक्सचे दोन रुपये त्यानं दिले, का तुह्याच माथी मारले?

कस्तुराबाई